गाठाळ सुताचं घोंगडं

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, तुम्ही काय करत होता?" मी "लोकरीचं काम" म्हटलं की समोरची लगेच स्वेटरचा गळा कसा घालायचा ते विचारते. मला स्वेटर येत नाही. तसं सांगितलं की तिला वाटतं मी आढेवेढे घेतेय. मग मी समजावते की मेंढराच्या अंगावरून उतरल्यापासून तिचं सूत होईपर्यंत जी लोकर असते, तेवढी माझी. इथं तिचा उत्साह संपतो आणि ती पंगत कुठवर आली ते बघायला लागते.

कोल्हापुरात शाहूपुरीत एका संस्थेचं लोकर केंद्र होतं, तिथं मी हातकताई शिकवायला होते. नव्वदच्या सुमाराला लागले आणि केंद्राला कुलूप लागलं तेव्हा बाहेर पडले. केंद्र हा शब्द जरा मोठाच होता. जिना चढून वर दोन खोल्या, एकीत चरखे आणि दुसरीत पोत्यांनी भरलेली लोकर. खाली मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. त्या दुकानाचे शेठ पावसाळ्यात नाकाला रुमाल लावून वर यायचे आणि विचारायचे, "बाई, वर मेंढरं बांधलासा काय?" दमट हवेत लोकरीला मेंढराचा वास सुटतो, तो जिन्यानं खाली उतरायचा. मला तो वास कधीच वाईट वाटला नाही, उलट कुठं आला की घरी गेल्यासारखं होतं.

कारण आमचं घरच लोकरीचं. माहेर गडहिंग्लजचं, वडिलांचा, अप्पांचा, घोंगड्यांचा माग होता आणि आई, अव्वा, सूत कातायची. घरात कानडी, दारात मराठी आणि चरखा दोन्हींत घुंई करत फिरायचा. मी शाळेतून आले की अव्वाशेजारी बसून लोकर पिंजायची. तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. मैत्रिणी बाहेर खेळायच्या आणि मी कुसळं वेचत बसायची. पुढं त्याचीच नोकरी मिळाली आणि पगार सुरू झाला, तेव्हा अव्वाला मोठी गंमत वाटली. "ह्याला पैसे देतात?" असं तिनं मला दोनदा विचारून घेतलं होतं.

काम काय असतं ते एकदा सांगून टाकते. आपल्याकडची मेंढी काळी, तिची लोकर राठ आणि आखूड. कातरून आणलेल्या लोकरीत काटे, गवत, माती आणि मेंढराचा सगळा प्रवास असतो. ती थंड पाण्यात धुवायची, वाळवायची, बोटांनी मोकळी करायची. मग पिंजून तिचे करंगळीएवढे मऊ पेळू करायचे. उजव्या हातानं चरखा फिरवायचा, डाव्या हातात पेळू धरायचा आणि चातीच्या टोकाला लावून हात हळूहळू मागं न्यायचा. चाती म्हणजे सूत गुंडाळणारी लोखंडी काडी. हात मागं जातो तसा लोकरीला पीळ बसतो आणि हवेतून सूत तयार झाल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा माणूस हसतोच. मी शिकवलेलं एकही माणूस असं नाही की जे त्या क्षणी हसलं नाही.

त्यात आमचे मारुतीमामाही आले. मामा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाले आणि घरी बसून तंबाखू फार वाढली. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांच्या बायकोनं त्यांना आमच्याकडं आणून सोडलं, शाळेत पोर सोडतात तसं. वर्गात सगळ्या बायका. मामा पहिला आठवडा भिंतीकडं तोंड करून बसले. पण त्यांचा हात असा की विचारू नका. घाटातल्या वळणांवर गाडी सांभाळलेला माणूस, चाक किती आणि कधी फिरवायचं ते त्यांना शिकवावंच लागलं नाही. महिन्याभरात मामांचं सूत माझ्यापेक्षा बारीक निघायला लागलं. त्यांची बायको खूश होऊन विचारायला आली, "मग सुटली का तंबाखू?" तेव्हा मामा तोंड मिटून चरखा फिरवत होते, कारण गालात गोळी होती. "म्याडम, दोन्ही हात गुतल्यात, त्वांड मोकळंच हाय की," असं त्यांनी नंतर मला समजावलं.

दोन हजार सालानंतर एक नवीनच प्रकार आला. वर्गातल्या एकीची बहीण परदेशातून आली, तिनं खाचा असलेल्या सुया आणल्या. ही सुई लोकरीच्या गोळ्यात टोचत राहायची, टोचत राहायची, की खाचांत अडकून केस एकमेकांत गुंततात आणि गोळा घट्ट होतो. मग त्याला हवा तो आकार देता येतो. सुट्टीत मुलं यायची आणि आम्ही मेंढ्या करायचो. मुलांच्या मेंढ्या बहुतेक वेळा डुकरासारख्या व्हायच्या, माझ्या तर हमखास. बोटाला सुई टोचून घेण्यात मी सगळ्यांच्या पुढं. पण दुपार कशी सरायची कळायचं नाही, आणि खालचे शेठसुद्धा एकदा नातीसाठी कोकरू मागून घेऊन गेले.

ह्या टोचण्यामागं जी गोष्ट आहे ती आपल्याकडं जुनीच. लोकरीचा केस डोळ्याला गुळगुळीत दिसतो पण तो खरबरीत असतो. गरम पाणी, साबण आणि घासणं ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की केस एकमेकांना असे धरतात की पुन्हा सोडत नाहीत. जेन करणारे कारागीर नेमकं हेच करतात. लोकर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळून लाटायची, आणि माग न लावता जाड बिछायत, म्हणजे जेन, तयार. पण विणलेल्या घोंगड्याला हेच झालं तर ते आटतं, आणि आटलेलं घोंगडं परत लांब करायची विद्या कुणाकडं नाही. मी हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगायची. सुजाता मात्र माझ्या वर्गात नव्हती.

ती आली तेव्हा दुपारची वेळ होती आणि मी एकटीच पेळू करत होते. पंचविशीची मुलगी, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात बोचकं. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, हे जरा ताणून मोठं करून द्या. काय लागंल ते देतो."

आमच्याकडं बायकाही स्वतःविषयी 'देतो', 'जातो' असंच बोलतात, आणि त्यात एक धिटाई असते. पण ही मुलगी रडायच्या बेतात होती. मी बोचकं सोडलं. आत काळ्या लोकरीचा एक जाड, ताठ तुकडा होता, नीट पसरला तर पाटावर अंथरण्याएवढा. बोट फिरवल्यावर कळलं की लोकर जावळाची आहे. कोकराची पहिली कातरणी असते तिला जावळ म्हणतात, तान्ह्या मुलाच्या केसांना म्हणतात तसंच. त्या लोकरीचं घोंगडं फार मऊ होतं आणि फार क्वचित होतं, कारण एका कोकराला ती एकदाच येते.

"धुतलंस?" मी विचारलं.

"मशीनमधी. गरम पाण्यात. सोडा घालून."

सुजाता इचलकरंजीची. तिच्या माहेरी यंत्रमाग, सगळं घर सुतात वाढलेलं. सुती कापड कडक पाण्यात घातलं की स्वच्छ होतं, हे तिला लहानपणापासून माहीत. तिनं ते लोकरीला लावलं. दुसऱ्या कुठल्या गावच्या मुलीनं कदाचित भीतीनं हातही लावला नसता, पण हिला कापड कळत होतं आणि तिथंच घात झाला.

मग तिनं सगळं सांगितलं. घोंगडं तिच्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे तात्या म्हणत. गडहिंग्लजच्या बाजूचे धनगर, आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेले. बायको गेल्यावर मेंढरं विकून ते कोल्हापुरात मुलाकडं, महादेवकडं राहायला आले होते. महादेव शाहूपुरीतच एका पेढीवर कामाला होता. तात्यांना छातीचं दुखणं होतं, ते वाढलं आणि एका दुपारी त्यांच्या हातून घोंगडं खराब झालं. लगेचच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना ते सुनेकडं बघत नव्हते. महादेव संध्याकाळी घरी यायच्या आत ते स्वच्छ व्हावं, मुलासमोर म्हाताऱ्याला मान खाली घालायला लागू नये, म्हणून तिनं ते मशीनमध्ये टाकलं होतं.

"दुसरं आणू की नवं," मी म्हटलं. "माझ्या भावाचा माग आहे. तो असं विणेल की..."

"न्हाय चालत बाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यांच्या घरची एक रीत होती. माणूस जातो तेव्हा त्याच्या अंगावर शेवटचं पांघरूण म्हणून त्याच्या घरातल्या बाईनं कातलेल्या सुताचं घोंगडं घालतात. बायकोनं कातलेलं, नाहीतर लेकीनं. ते आधीच करून ठेवतात आणि माणूस ते वापरतोही, कशाला ठेवणीत टाकायचं. हे घोंगडं तात्यांच्या बायकोनं, बाळव्वानं, शेवटच्या वर्षात कातलं होतं. दरवर्षी थोडं थोडं जावळ बाजूला ठेवून तिनं ती लोकर जमवली होती. तात्यांनी मुलाकडं आल्यावर एकच गोष्ट मागून घेतली होती, की मला जाताना बाळव्वाचं पांघरूण घाला, बाकी तुम्हाला काय करायचं ते करा. आणि त्यांना मुलगी नव्हती.

मी तिला खोटा धीर दिला नाही. हे परत मोठं होणार नाही, कुणीही कितीही ताणलं तरी नाही, असं सांगितलं. तिनं तुकडा मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवत बसली. खाली शेठांच्या दुकानात कुणीतरी लोखंड आपटत होतं. मग तिनं कोपऱ्यातल्या चरख्याकडं बघून विचारलं, "हे शिकायला किती दिवस लागतात?"

"कशाला?"

"मी कातणार. घरातली बाई म्हणजे आता मीच हाय."

बायको नाहीतर लेक, अशी रीत तिनंच मला नुकती सांगितली होती. त्यात सून कुठंच नव्हती. ते तिलाही कळत होतं आणि मलाही. मी तिला पेळू हातात कसा धरायचा ते दाखवलं.

मारुतीमामांचा हात जन्मजात होता, तसा सुजाताचा अजिबात नव्हता. तिला घाई. हात मागं खेचायची आणि सूत तुटायचं. तुटू नये म्हणून सैल धरायची तर लोकरीची गाठच्या गाठ पुढं सरकायची आणि सुतात टेंगूळ यायचं. एक हात बारीक सूत, मग टेंगूळ, मग बारीक, मग टेंगूळ. मामा तिच्याकडं बघून मान हलवायचे. "पोरी, गिअर बदलताना हिसका बसालाय बघ," असं म्हणायचे. ती तुटलेलं टोक जोडायची. घरचं उरकून, दवाखान्यात डबा पोचवून ती यायची आणि दुपार माझ्याकडं काढायची. आल्यावर तिचे खांदे कानाला लागलेले असायचे. तासाभरानं ते खाली यायचे. ती गुणगुणायला लागली की मला कळायचं, आता सूत बरं निघेल.

लोकरीचं हे एक मला फार आवडतं. तिच्यावर चिडून चालत नाही, रागाचा हात तिला लगेच कळतो आणि ती तुटते. त्यामुळं चरख्यावर बसलेलं माणूस थोड्या वेळानं आपोआपच मऊ होतं. मी घरची भांडणं कितीतरी वेळा केंद्रात आणली आणि कुलूप लावताना ती कुठं गेली ते मला आठवलं नाही. सुजाताच्या हाताला लोकरीचा ओशटपणा लागला, तिच्या बोटांच्या भेगा गेल्या, तेव्हा तिनं हात पुढं करून मला दाखवला आणि म्हणाली, "क्रीम लावल्यागत झालंय." त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी हसली.

तात्या घरी आले. घोंगडं मागितल्यावर सुजातानं सांगितलं की उसवलं होतं, शाहूपुरीच्या लोकर केंद्रात शिवायला दिलंय. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. ते चादरीचं टोक बोटांत चाचपत राहायचे, आणि ते बघून हिचा जीव अर्धा व्हायचा. "आता सांगून टाक," मी तिला म्हणत होते. ती "उद्या" म्हणायची.

तो उद्या तात्यांनीच आणला. एके दुपारी जिन्यावर काठी वाजली. महादेव त्यांना धरून वर आणत होता. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पिवळा पटका, धाप लागलेली. जिना संपताच त्यांनी नाकानं श्वास ओढून घेतला आणि म्हणाले, "व्हय, हितंच असणार." लोकरीचा वास त्यांना रस्त्यापर्यंत आला असावा.

सुजाताचा चरखा थांबला. महादेवला काहीच ठाऊक नव्हतं, तो म्हणाला, "तात्यानं लईच हेका धरला, बाई. मला घोंगड्याकडं न्हे म्हणालेत."

सुजाता उठली, कपाटातून तो तुकडा काढला आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवला. "मी गरम पाण्यात धुतलं, तात्या," ती म्हणाली.

तात्यांनी तुकडा उचलला. उलटा केला, सुलटा केला, गालाला लावला. मला वाटलं, आता हा माणूस काय बोलेल ते आपण सगळे जन्मभर विसरणार नाही. मामांनीही चरखा थांबवला होता. तात्या म्हणाले, "घाण कुणी केली? मी केली. धुतली कुणी? हिनं. ह्यात रडायसारकं काय हाय?"

"पण बाळव्वाआत्यांच्या हातचं हुतं."

"हाय की अजून. कुठं गेलंय? जरा ल्हान झालंय." मग ते म्हणाले, "बाळव्वानंबी धुतलंच असतं. पण गार पाण्यात."

मामा हसले आणि मग आम्ही सगळेच हसलो, सुजाता रडत रडत. तात्यांची नजर तिच्या चातीवर गेली. त्यांनी सूत चिमटीत धरून हातभर चाचपलं. आयुष्यभर लोकर हाताळलेला माणूस, प्रत्येक टेंगळावर त्यांचं बोट थांबत होतं.

"ह्ये कुणाचं?"

"माझं," सुजाता म्हणाली. "तुमच्यासाठी."

"गाठी लई हाईत."

"व्हय."

"ऱ्हाऊ देत. बोचल्या म्हंजे कळंल तरी अंगावर काय हाय त्ये." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तरीणबाई, शिकवा हिला. लोकर मी मागवतो, माझ्या भावकीत मेंढरं हाईत अजून."

लोकर खरंच आली, एसटीच्या टपावरून, पोतं भरून. पुढचे काही महिने सुजाता कातत होती. सूत पुरेसं झाल्यावर मी ते गडहिंग्लजला माझ्या धाकट्या भावाकडं घेऊन गेले. अप्पांनंतर माग तोच चालवत होता. त्यानं सूत बघितलं, मला बघितलं आणि म्हणाला, "अक्का, ह्ये सूत हाय का शेवग्याच्या शेंगा?" उभ्या धाग्याला मागावर फार ताण बसतो, गाठाळ सूत तिथं टिकणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. थोडं दुसरं चांगलं सूत मिसळू का, असं त्यानं विचारलं. मी सुजाताला तसं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "दुसऱ्याचं नको." परत बसली. तोवर हात बसला होता, त्यामुळं नंतरचं सूत बरंच सरळ निघालं. ते उभं लावलं आणि आधीचं गाठाळ सूत आडवं घातलं. भावानं चिंचोक्याची खळ जरा जास्तच लावली आणि कुरकुरत विणून दिलं.

ते घोंगडं मी पाहिलेल्यांतलं सगळ्यात कुरूप असेल. हात फिरवला तर हरभऱ्याचे दाणे अडकल्यासारखं लागायचं. तात्यांनी ते पांघरलं आणि कुरकुर सुरू केली, ती वर्षानुवर्षं चालू होती. भेटेल त्याला सांगायचे, "सुनंनं हातरूण-पांघरूण केलंय का शिक्षा दिलीया, काय कळंना." पण ते धुवायला दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, स्वतः बादलीशी बसायचे, गार पाण्याची बादली. नातवानं एकदा त्यावर चहा सांडला तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. बाळव्वाचा आटलेला तुकडा त्यांच्या उशाला असायचा. दरवर्षी जत्रेला गावी जाताना हे जाडजूड ओझं खांद्यावर टाकूनच जायचे, मग ऊन कितीही असो.

दरम्यान आमचं केंद्र बंद झालं. शिकायला कुणी येईना, संस्थेलाही दुसरी कामं होती. चरखे कुठल्या तरी गोदामात गेले. मी एक मागून घेतला असता तर मिळाला असता, पण त्या दिवशी माझं तोंडच उघडलं नाही, आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं. मेंढपाळ आता लोकर फेकून देतात, विकत घ्यायला कुणी नाही म्हणून. हे ऐकलं की मला रात्रीची झोप लागत नाही. सुजाता मात्र घरी कातायची. महादेवनं तिला एक जुना चरखा शोधून आणून दिला होता. तात्या शेजारी बसून लोकर मोकळी करून द्यायचे. मी गेले की दोघं मला सूत दाखवायचे आणि तात्या म्हणायचे, "गाठी कमी झाल्यात. पर मला आता सवं लागलीया."

तात्या थंडीत गेले. महादेवचा निरोप आला तशी मी गेले. त्यांना गावी आणलं होतं, म्हणजे माझ्या माहेरापासून जवळच. अंगणात माणसं दाटली होती. सुजाता भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातात ते गाठाळ घोंगडं घडी करून धरलेलं होतं. बाळव्वाचा तुकडा तात्यांच्या डोक्याखाली कुणीतरी आधीच ठेवला होता. पांघरूण मात्र घातलं नव्हतं. तिथंच अडलं होतं.

भावकीतले एक वडीलधारे काका बाजारातून नवं घोंगडं घेऊन आले होते, चांगलं, सरळ सुताचं. ते समजुतीच्या सुरात बोलत होते. "पोरी, तू केलंस, चांगलं केलंस. पर सुनंचं सूत चालत न्हाय. सून दुसऱ्या घरची. बायकोचं न्हायतर लेकीचं. ते नसंल तर बाजारचं घालायचं, त्ये कुणाच्याच हातचं नसतंय. रीत हाय ही."

महादेव खाली मान घालून उभा होता. सुजातानं वाद घातला नाही. तिनं घोंगडं छातीशी धरलं होतं आणि ती तात्यांकडं बघत होती. मी काही बोलावं तर मी कोण. मी सूत शिकवणारी बाई, त्या घराची कुणी नाही.

तेवढ्यात तात्यांची थोरली बहीण, गंगाक्का, पुढं आली. फार म्हातारी, डोळ्यांना दिसायचं कमी, एका पोरीनं हाताला धरलं होतं. ती म्हणाली, "बघू, काय हाय?" सुजातानं घोंगडं तिच्या हातात दिलं. म्हातारीनं ते उलगडलं नाही. घडीवरूनच बोट फिरवलं, एक गाठ लागली, दुसरी लागली, आणि ती म्हणाली, "ह्येच की. ह्ये लेकीचं हाय. घाला."

काका चपापले. "आक्का, लेक? तात्याला लेक कुठनं आली?"

"मला काय इचारतोस?" गंगाक्का म्हणाली. "दर साली जत्रंला यायचा, माझ्या दारात बसायचा, ह्ये मांडीवर घ्यायचा, आणि माझा हात धरून ह्याच्यावर फिरवायचा. 'बघ आक्का, माझ्या लेकीनं कातलंय' म्हणायचा. मी म्हणायची, लेकीचा हात काय बसला न्हाय रं अजून. तर रागवायचा माझ्यावर. च्याबी न घेता उठून जायचा."

कोल्हापुरात आम्हाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्यासमोर तात्यांनी इतकी वर्षं नुसती कुरकुर केली होती. मी सुजाताकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहिता येणार नाही.

काकांनी नवं घोंगडं गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. गंगाक्कानं हातातली घडी पुढं केली आणि म्हणाली, "घे गं. तुझं काम हाय."

सुजाता पुढं झाली. तिनं घोंगडं उलगडून तात्यांच्या अंगावर घातलं, पायाकडं ओढून घेतलं आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचलं, झोपलेल्या माणसाला थंडी वाजू नये म्हणून खोचतात तसं.